घरगाडीचं वजन

गोमाजी शेंडेला कोणी ‘कसा आहेस’ असं विचारलं, की तो गाडीचं सांगायचा. ‘चार पॉइंट एक,’ म्हणायचा, किंवा ‘चार पॉइंट दोन.’ विचारणारा गोंधळून पुढे निघून जायचा. एक लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली, याचा तो आकडा असे आणि गोमाजीची तब्येत त्यावरच चाले. आकडा चढला की तो वाढून घेऊन भात खायचा, उतरला की अर्ध्या ताटावरून उठायचा.

गाडी त्याची नव्हती. शहापूरच्या डॉक्टर मधुकररावांनी बहात्तर साली एक मोडीत निघालेली बस लिलावात घेतली, आतली बाकं उखडली आणि तिचा फिरता दवाखाना केला. नुसता दवाखाना नाही, घरच. दोन्ही बाजूंना लांब लाकडी पेट्या, त्यांच्यावर गाद्या. मागे स्टोव्ह, पाटा-वरवंटा, तांदळाचा डबा, फळीवर देव, टपावर पाण्याची टाकी. सोमवारी सकाळी डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई त्यात चढायचे ते शनिवारीच घरी उतरायचे. मधले दिवस मोहाडीचा बाजार, मग अधलीमधली गावं, मग लाखनी आणि सगळ्यात शेवटी, शुक्रवारी, लाखनीपासून सोळा किलोमीटर आत जंगलाच्या कडेचा भिवाटोला. लोक तिला घरगाडी म्हणत. गोमाजी स्टिअरिंगमागच्या सीटवरच झोपायचा. लग्न त्यानं केलं नव्हतं, त्यामुळे घर म्हणायला त्यालाही तेवढंच होतं.

त्याआधी बारा वर्षं त्यानं हायवेवर ट्रक चालवला होता, आणि डिझेल वाचवायचं वेड तिथूनच घेऊन आला होता. तो अनवाणी गाडी चालवायचा. चपलेतून अ‍ॅक्सिलरेटरचं काही समजत नाही, असं त्याचं म्हणणं. चाळिसाच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. टायरातली हवा लोखंडी टॉमीचा दांडा आपटून आवाजावर ओळखायची. बाजार दिसला की फर्लांगभर आधीच इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळू द्यायची, आणि ती बरोबर कडुनिंबाखाली येऊन थांबली पाहिजे. मोहाडीचे भाजीवाले हातातला तराजू तसाच धरून ते बघत. एकदा गाडी झाडापासून चार हात अलीकडे थांबली, तर एका भाजीवालीनं ‘अगा, धक्का देऊ का?’ म्हणून विचारलं. गोमाजी दोन आठवडे तिच्याकडून वांगी घेईना.

तर असा हा माणूस, आणि एकोणऐंशी साली दसऱ्याच्या सुमारास डिझेल मिळेनासं झालं. पंपांवर ड्रमच्या रांगा लागल्या. तहसीलमधून परमिट काढावं लागायचं. घरगाडीला आठवड्याचे चाळीस लिटर मंजूर झाले. फेरी होती एकशे नव्वद किलोमीटरची, आणि जुनी बस एका लिटरला सव्वाचारच्या वर जायला तयार नव्हती. हिशेब गोमाजीनं तोंडीच केला. वीस किलोमीटर कमी पडत होते.

‘भिवाटोला सध्या सोडू,’ डॉक्टर म्हणाले. ‘सगळ्यात लांबचं तेच आहे. महिन्यातून एखादवेळ जमवू.’

गोमाजी एरवी डॉक्टरांना उलट बोलत नसे. त्या दिवशी बोलला. ‘डॉक्टरसाहेब, भिवाटोला नका सोडू. गाडी मी पोचवतो.’

कारण भिवाटोल्यात त्याची बहीण होती. केशरबाई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवला होता. विधवा, पोटी मूल नाही, दोन बांध्यांची, म्हणजे दोन खाचरांची धानशेती, आणि त्या उन्हाळ्यापासून टीबी. दीड वर्ष गोळ्या घ्यायच्या होत्या, आणि एकही आठवडा चुकवायचा नव्हता. डॉक्टर गोळ्या सात दिवसांच्याच द्यायचे. पूर्वी एकदा महिन्याच्या दिल्या होत्या, तर रोग्यांनी त्या खोकणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना प्रसादासारख्या वाटून टाकल्या होत्या. तेव्हापासून नियम झाला: दर आठवड्याला रोगी समोर आला पाहिजे, काट्यावर उभा राहिला पाहिजे, वजन वहीत लागलं पाहिजे, मगच गोळ्या. भिवाटोल्यात असे नऊ रोगी होते. उन्हाळ्यात केशरबाई काट्यावर उभी राहिली तेव्हा एकतीस किलो भरली होती. दसऱ्याला पस्तीस.

डॉक्टरांनी गोमाजीला सवलत दिली, पण अट घालून. गोमाजीकडे डिझेलच्या टाकीत बुडवून बघायची सागाची काडी होती, तिच्यावर खाचा पाडलेल्या. शुक्रवारी लाखनीच्या नाक्यावर काडी बुडवायची. डिझेल तिसऱ्या खाचेपर्यंत असेल तर भिवाटोला. खाली असेल तर गाडी सरळ शहापूरला. तिथे भांडायचं नाही.

गोमाजीनं गाडीवर हल्लाच केला. टपावरची ‘फिरता दवाखाना’ ही भलीमोठी पाटी वारा धरते म्हणून काढली, आणि तीच अक्षरं बाजूच्या पत्र्यावर रंगवून घेतली. टाकीतलं पाणी सोडून दिलं. पाणी काय, प्रत्येक गावात विहीर आहे. मग पाटा-वरवंटा उतरला. मग तांदळाचा डबा, पितळेची भांडी, एक लोखंडी बाज, खिडक्यांचे जाड पडदे. दोन्ही पेट्यांमधलं सामान एकेक करून शहापूरच्या घरी गेलं, आणि पेट्या रिकाम्या झाल्यावर त्यानं जाहीर केलं, ‘आता याच्यात सुई ठेवाची नाई. उघडाचीच नाई.’ सत्यभामाबाईंनी देव तेवढे वाचवले. तेही लाकडाचे होते म्हणून वाचले, असं त्या म्हणायच्या.

एका गोष्टीवर मात्र गोमाजीचं चालेना. रोग्यांना तोलायचा काटा बिडाचा होता, दोन माणसांनी उचलावा इतका जड. तो उतरवा म्हणून त्यानं तीन वेळा विषय काढला.

‘मला उतरव,’ डॉक्टर शेवटी म्हणाले. ‘काटा राहू दे. गोळी लागू होते की नाही, हे मला तोच सांगतो. तुझी काडी तुला सांगते ना, तसं.’

त्यानंतर गोमाजीनं काट्याचा विषय काढला नाही. दिवाळीच्या आत आकडा चार पॉइंट नऊवर गेला. लाखनीला काडी तिसऱ्या खाचेच्या वर बोटभर ओली निघायची आणि गोमाजी ती डॉक्टरांच्या नाकासमोर धरायचा.

केशरबाईला यातलं त्यानं काहीही सांगितलं नाही. आजारी माणसाला काय सांगायचं, की तुझं गाव वगळण्याच्या गोष्टी चालल्या आहेत? ती घोर लावून घेईल, जेवण सोडेल. शुक्रवारी गाडी लागली, की डॉक्टर आणि सत्यभामाबाई मोहाच्या झाडाखाली टेबल मांडून बसायचे, आणि काट्याचं काम झालं की गोमाजी बहिणीबरोबर तिच्या अंगणात जाऊन जेवायचा. गाडी तिकडे उघडीच उभी असायची. रिकाम्या गाडीला कुलूप कशाला?

एक दिवस केशरबाईनं विचारलं, ‘गोमा, गाडीतला पाटा कुठी गेला?’

‘घरी ठेवला.’

‘आन् बाज? आन् भांडे?’

‘घरीच हायेत बाई.’

‘काही अडचण आहे का रे?’

‘काही नाई,’ गोमाजी म्हणाला, आणि ताटाकडे बघत जेवत राहिला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे ते त्याच्या तोंडावर लख्ख दिसलं. केशरबाईनं त्याला आणखी भात वाढला.

धान कापून झालं, मळण्या आटोपल्या, आणि गोमाजीचा आकडा उतरायला लागला. चार पॉइंट आठ. मग पॉइंट सात. नाताळच्या आठवड्यात पॉइंट सहा. त्यानं फिल्टर बदलला, नोझल उतरवून तपासून आणले, ब्रेक कुठे धरून राहतात का ते बघायला चारही चाकं जॅकवर घेऊन हातानं फिरवली. डिझेलमध्ये रॉकेल असेल म्हणून वास घेतला, बोटावर घेऊन चाखून पाहिलं. मागच्या स्प्रिंगांचे पाटे जरा बसल्यासारखे दिसत होते. जुने झाले, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं. जगातल्या सगळ्या कारणांचा त्यानं विचार केला, फक्त वजनाचा केला नाही. वजन त्यानं स्वतः आपल्या हातानं उतरवलेलं होतं.

त्याच दिवसांत डॉक्टरही आपल्या वहीपुढे कपाळाला हात लावून बसत होते. केशरबाईचं वजन पस्तिसावर अडलं, मग चौतीस झालं, मग तेहेतीस. गोळ्या ती चुकवत नव्हती. खोकला कमी होता, तापही नव्हता.

‘जेवता ना बरोबर?’ डॉक्टर विचारायचे.

‘हाव ना, पोटभर जेवतो,’ ती म्हणायची.

जानेवारीच्या तिसऱ्या शुक्रवारी लाखनीला काडी तिसऱ्या खाचेच्या खाली ओली निघाली. डॉक्टरांनी फक्त मान हलवली. गाडी शहापूरला वळली. एकशे अठ्ठावन्न किलोमीटरची फेरी झाली, आणि त्या आठवड्यात भिवाटोल्यातल्या नऊ माणसांना गोळी मिळाली नाही. गोमाजी आठ दिवस अर्ध्या ताटावरून उठत राहिला.

पुढच्या शुक्रवारी नाक्यावर त्यानं काडी बुडवून काढली. खाचेच्या दोन बोटं खाली. डॉक्टरांनी खिडकीतून विचारलं, ‘काय म्हणते?’

‘बरोबर हाय,’ गोमाजी म्हणाला, आणि काडी धोतराला पुसून टाकली.

डिझेलच्या बाबतीत तो आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलला, आणि त्याची फळं त्याला सोळा किलोमीटरच्या आतच मिळाली. भिवाटोल्याच्या तीन किलोमीटर अलीकडे मुरमाची चढण लागते. टाकीत डिझेल तळाशी, गाडी नाक वर करून चढत होती, तळातलं डिझेल मागे सरकलं, पाइपात हवा शिरली आणि इंजिन दोनदा उचकी देऊन बंद पडलं. गोमाजीनं पंप मारून हवा काढायचा प्रयत्न केला. नुसता फेस यायला लागला.

‘गोमाजी,’ डॉक्टर खाली उतरून म्हणाले, ‘लाखनीला काडी किती होती?’

गोमाजी हाताला लागलेला फेस धोतराला पुसत राहिला. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. ते त्याला जास्त लागलं.

तेवढ्यात गावाकडून पुंडलिकराव बैलगाडी घेऊन येताना दिसले. भिवाटोल्यातले हे जरा बरी शेती असलेले गृहस्थ. मागच्या शुक्रवारी गाडी आली नाही म्हणून गाव रस्त्याकडे डोळे लावूनच बसलं होतं. बघता बघता आठदहा माणसं आणि तीन बैलजोड्या जमल्या. गाडी ओढत गावात न्यायची ठरली.

‘चढण आहे,’ पुंडलिकराव म्हणाले. ‘पयले गाडी हलकी करा लागन.’

आता मात्र गोमाजीचा सगळा आठवड्याचा राग उसळला. ‘हलकी? अजून काय हलकी करू? याच्यात काही ठेवलं का मी? पाटा नाई, बाज नाई, पाणी नाई. काटा काहाडला का झालं. या, पाहा!’ आणि त्यानं मागचं दार फाडकन उघडून दाखवलं.

कोणी बघायला पुढे आलं नाही. बैलांचे कासरे धरलेली माणसं खाली मुरमाकडे बघायला लागली. एकानं तर उगाच बैलाचं शिंग पुसायला घेतलं.

‘गोमाजी,’ पुंडलिकराव हळूच म्हणाले, ‘पेटी उघड.’

गोमाजीनं गादी बाजूला केली आणि झाकण उचललं. पेटीत तांदूळ होते. कडेपर्यंत. त्यानं दुसऱ्या बाजूची पेटी उघडली. तीही तशीच भरलेली होती. वर ओंजळभर लाखोळीची डाळसुद्धा कोणीतरी पुरचुंडी करून ठेवली होती. सगळे मिळून पाच पोत्यांच्या खाली नसतील. सत्यभामाबाई एवढे दिवस त्यांच्यावर झोपत होत्या, आणि पेटी उघडायची नाही हा गोमाजीचा हुकूम त्यांनी इमानेइतबारे पाळला होता.

‘हे काय आहे, पुंडलिकराव?’ डॉक्टरांनी विचारलं.

पुंडलिकरावांना सांगताना अवघड झालं. ‘साहेब, राग नका मानू. तुमची गाडी म्हंजे घरच. आन् हप्त्या-हप्त्याले ते रितं होऊन राहिलं. पयले पाटा गेला, मंग बाज, मंग भांडे. तांदळाचा डबासुदिक गेला. आमाले वाटलं, डॉक्टरसाहेब तंगीत आले. आमाले फुकट दवाई देता देता घरातलं इकून राहिले, आन् तोंडानं सांगत नाई. मंग घरोघरच्या बाया मांगच्या दारानं पायली-पायली टाकत गेल्या. तुमाले माहीत होऊ द्याचं नाई, असं ठरलं होतं. तुमचा मान राहाले पायजे ना.’

‘असं कोणाच्या मनात आलं पयले?’ गोमाजीनं विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

‘तुह्या बहिणीच्या. ते तर हर हप्त्याले टाकते. एकही हप्ता चुकवला नाई तिनं.’

डॉक्टर गाडीत चढले आणि वजनांची वही काढून तिथेच उभ्यानं चाळायला लागले. पस्तीस, पस्तीस, चौतीस, चौतीस, तेहेतीस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘पायली म्हणजे तिच्या एकटीचं किती दिवसांचं जेवण, पुंडलिकराव?’

‘चारपाच दिवसांचं,’ पुंडलिकराव म्हणाले, आणि त्यांची नजर वहीकडे गेली.

गोमाजी पेटीच्या कडेवर बसून राहिला. दोन महिने त्यानं इंजिनाचा एकेक स्क्रू तपासला होता. गाडी जड होत होती आणि बहीण हलकी होत होती, आणि दोन्ही आकडे एकाच गाडीत, एकाच आठवड्याला, दोन वेगवेगळ्या वह्यांत लिहिले जात होते. त्याला रडू आलं, आणि ते त्यानं चारचौघांत आवरलंही नाही.

तांदूळ पोत्यांत भरून पुंडलिकरावांच्या बैलगाडीतून पुढे गेले. घरगाडीला तीन जोड्या जुंपल्या. गोमाजी अनवाणी पायांनी नुसत्या ब्रेकवर पाय ठेवून स्टिअरिंग धरून बसला. शेवटचे तीन किलोमीटर गाडी एक थेंबही न जाळता गेली. एखाद्या वेळी त्यानं याची फुशारकी मारली असती.

केशरबाई अंगणातच उभी होती. तांदळाची गाडी आधी पोचली होती, म्हणजे तिला काही सांगायची गरज उरली नव्हती.

‘तू बह्याड आहेस का बाई?’ गोमाजी आल्या आल्या म्हणाला. ‘मी वजन काहाडून राहिलो, तू भरून राहिली! डिझेल भेटत नाई म्हणून गाडी हलकी केली मी. तुह्या गावापर्यंत पोचली पायजे म्हणून.’

‘मंग सांगाचं होतं ना तसं!’

‘तू बिमार. तुले कसं सांगू?’

‘आन् मी तुले कशी सांगू, का तुह्या मालकाच्या घरी दाना नाई म्हणून?’ ती म्हणाली. ‘तू त्या घरात राहतं. भावाच्या घरची पेटी रिती दिसते, आन् मी इथं गिळत बसू?’

गोमाजीनं बैलगाडीतल्या पोत्यांपैकी एक उचललं आणि तिच्या घरात नेऊन कोठीत रिकामं केलं. तिनं अडवलं नाही. अडवायला अंगात जोर नव्हता, हेही खरं.

बाकीचे तांदूळ परत घ्यायला गाव तयार होईना. दिलेलं परत घेतात का, म्हणे. शेवटी सत्यभामाबाईंनी तोडगा काढला. तांदूळ पुंडलिकरावांच्या घरी राहतील, आणि दर शुक्रवारी त्या मोहाच्या झाडाखाली भात शिजवतील. नऊही रोग्यांनी तिथे समोर बसून जेवायचं. तांदूळ गाडीत चढायचे नाहीत, पोटात जायचे. पहिल्याच शुक्रवारी केशरबाई आधी जेवून मग काट्यावर उभी राहिली. डॉक्टरांनी तिला काट्यावरून उतरवून पुढच्या शुक्रवारपासून आधी वजन मग भात असा नियम केला. ‘पाव किलोनं काय बिघडते?’ म्हणून ती कुरकुरली. तो प्रश्न तिनं गोमाजीसमोर विचारायला नको होता. त्यानं तिला पाव किलोनं काय काय बिघडतं ते अर्धा तास सांगितलं.

त्या दिवशी परत यायला डिझेल पुंडलिकरावांनी दिलं. रब्बीच्या पाण्यासाठी तलावावर बसवलेल्या इंजिनातलं पाच लिटर काढून आणलं. त्यांची एक बांधी त्या आठवड्यात कोरडी राहिली असणार.  पुढच्या शुक्रवारपासून गाडी पुन्हा चार पॉइंट नऊ द्यायला लागली, आणि लाखनीला काडी खाचेच्या वर ओली निघायला लागली. तरी गोमाजी ती आता डॉक्टरांच्या हातात द्यायचा. ‘तुमीच पाहा,’ म्हणायचा.

ऐंशीच्या डिसेंबरात गोळ्या संपल्या. गोमाजीनं त्या दिवशी जेवायला जायच्या आधीच काट्याशेजारी येऊन उभं राहणं पसंत केलं. ज्या काट्याला गाडीतून घालवायला त्यानं तीनदा भांडण काढलं होतं, त्याचाच दांडा तो वाकून बघत होता. केशरबाई चढली. डॉक्टरांनी वजन सरकवलं, आणखी सरकवलं.

‘बेचाळीस,’ डॉक्टर म्हणाले.

‘बरोबर पाहा,’ गोमाजी म्हणाला. ‘काटा जुना हाय.’

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. बेचाळीसच होतं.

त्या दिवशी केशरबाई पहिल्यांदा घरगाडीत बसून लाखनीच्या बाजाराला गेली. तिच्याजवळ तांदळाचं एक गाठोडंही होतं, चांगलं दोन पायल्यांचं, भावासाठी. गोमाजीनं ते बघितलं आणि स्वतःच उचलून गाडीत ठेवलं.

घरगाडी पुढे अठ्ठ्याऐंशीपर्यंत चालली. गोमाजीची वही डॉक्टरांच्या घरी आहे. सोळा वर्षांची वही, आणि तिच्यात तारीख, किलोमीटर, लिटर आणि अ‍ॅव्हरेज यांच्याशिवाय एक अक्षर नाही. फक्त ऐंशीच्या डिसेंबरातल्या एका शुक्रवारी अ‍ॅव्हरेजचा रकाना चुकलेला आहे. तिथे लिहिलं आहे: केशर, बेचाळीस.